वारुळावरचें अळंबें कसें ओळखावें

मृग बरसून गेला, आर्द्रा सरल्या आणि लावणीची घाई ओसरूं लागली, म्हणजे आमच्या दक्षिण कोंकणांत एक प्रश्न घरोघर ऐकूं येतो. कोणी ओच्यांत, कोणी सागाच्या पानांत, कोणी इरल्याखालीं जपून अळंबीं घेऊन येतो, ओसरीवर पसरतो आणि विचारतो, "हीं खाण्याजोगीं आहेत ना?" आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत गेली. वनस्पतिशास्त्राची पदवी आम्हांजवळ नाहीं. शिक्षणहि गांवच्या मराठी शाळेपुरतेंच. तथापि गेलीं पंचवीस वर्षें आम्ही हें एकच अळंबें पावसाळ्यामागून पावसाळा पाहत, उकरीत व खात आलों आहों. आणि त्याच्या नांवावर भलतेंच कांहीं खाल्लें असतां काय होतें, तेंहि एकदां स्वतःच्या घरांत व एकदां सरकारी कामानिमित्त दुसऱ्याच्या घरांत पाहिलें आहे. म्हणून संघाच्या सभासदांसाठीं हा पाठ लिहिण्याचें धाडस करीत आहों.

सर्व अळंब्यांची ओळख ह्या लेखांत मिळेल, अशी अपेक्षा वाचकांनीं ठेवूं नये. पावसाळ्यांत आपल्या रानांत नाना जातींचीं छत्रें उगवतात. त्यांतील बहुतेकांस आपल्या बोलींत निराळें नांवहि नाहीं, सरसकट 'कुत्र्याची छत्री' म्हटलें कीं काम भागतें. एक ओळखावें तें पुरतें ओळखावें आणि बाकीचीं जेथल्या तेथें राहूं द्यावींत, हें आमचें धोरण आहे. ज्यांना दहा जाती शिकावयाच्या असतील त्यांनीं आमच्याहून जाणता गुरु पाहावा.

तर हें एक म्हणजे वारुळावरचें अळंबें. गोव्यांत वारुळास रोयण म्हणतात, म्हणून तेथें हीं रोयण अळमीं. विदर्भाच्या पूर्वेकडील रानांत ह्यांना सात्या म्हणतात. शास्त्रांत ह्या सबंध कुळास टर्मिटोमायसीस असें नांव असून तें रॉजे हाइम ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९४२ सालीं दिलें. पुढें १९७९ सालीं दक्षिणेकडील एका मोठ्या, देंठावर कडें असलेल्या जातीस मद्रासकडील नटराजन यांनीं हाइम यांच्याच नांवावरून टर्मिटोमायसीस हैमी असें नांव ठेविलें. आमच्याकडे ज्या अळंब्यांस लोक खरीं अळंबीं म्हणतात, तीं बहुतकरून ह्या जातीचीं किंवा तिच्या जवळच्या भावंडांचीं असतात.

ओळख सांगण्यापूर्वीं हें अळंबें येतें कोठून, हें सांगणें अवश्य आहे. कारण त्याची मुख्य खूण त्याच्या जन्मस्थानांतच आहे. वाळवी लांकूड खाते हें प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. परंतु वारूळ बांधणाऱ्या आपल्याकडील वाळवीस लांकूड व पालापाचोळा एकट्यानें नीट पचवितां येत नाहीं, हें पुष्कळांस ठाऊक नसेल. ती काय करते, तर वाळकें लांकूड, काडीकचरा खाऊन अर्धवट पचलेल्या स्थितींत आपल्या घरट्यांत आणून टाकते व त्याचा एक मऊ, तपकिरी, वळ्यावळ्यांचा गोळा रचते. वारूळ खणतांना अक्रोडाच्या गरासारखा दिसणारा, हातांत घेतला असतां सहज चुरणारा असा गोळा वाचकांपैकीं अनेकांनीं पाहिला असेल. तोच वाळवीचा मळा. त्या गोळ्यावर एक बुरशी वाढते. राजगिऱ्याएवढे पांढरेशुभ्र दाणे त्यावर दिसतात, ते त्या बुरशीचे. बुरशी लांकडांतील कठीण भाग फोडून मऊ करते, वाळवी ते दाणे व मुरलेला गोळा खाते, आणि नवा कचरा वर रचीत जाते. आपण खत मुरवितों आणि मग पेरतों. वाळवी मुरविण्याचें काम आपल्या पिकाकडूनच करून घेते, एवढाच फरक. हा मळा कोनिग नांवाच्या निसर्गशास्त्रज्ञानें दक्षिणेंत तंजावरच्या बाजूस पाहून १७७९ सालीं त्याचें वर्णन छापलें. त्या वेळीं तंजावरास भोसल्यांचें राज्य होतें.

ह्या बुरशीस पावसाळ्यांत, पुरेशी ओल व ऊब मिळाली म्हणजे, फळ धरतें. तें फळ म्हणजेच अळंबें. मळा जमिनीच्या पोटांत असल्यामुळें अळंब्यास उजेडांत येण्याकरितां खालून वर माती भेदीत यावें लागतें. म्हणून त्याच्या डोक्यावर मधोमध एक कठीण उंचवटा असतो, तो माती फोडण्याच्या उपयोगीं पडतो. आणि त्याच्या देंठास खालीं एक लांब मुळासारखा भाग असतो, तो थेट मळ्यापर्यंत गेलेला असतो. हीं दोन अंगें लक्षांत ठेवावीं. पुढें पुन्हा त्यांकडेच यावयाचें आहे.

मेघ गर्जले म्हणजे अळंबीं उगवतात, असें आमच्या घरांतील वडील माणसें म्हणत. गर्जनेचा व अळंब्याचा साक्षात् संबंध नसावा. मात्र पावसाच्या आरंभीं सायंकाळीं दिव्यावर पंख फुटलेल्या वाळव्या झेपावतात, त्यांचा व अळंब्यांचा संबंध आहे. पंख टाकलेलीं तीं जोडपीं जमिनींत शिरून नवें घर थाटतात. पण बहुतेक जातींत मळ्याचें बियाणें त्यांच्याबरोबर नसतें. नव्या घरांतील पहिलीं कामकरी प्रजा बाहेर पडूं लागते त्याच सुमारास जुन्या वारुळांवर अळंबीं उमलून त्यांची बीजधूळ रानभर पसरलेली असते, आणि ही प्रजा ती कचऱ्याबरोबर घरीं नेते. उमललेलीं अळंबीं कोणीच न ठेवितां सर्व खुडून नेलीं, तर नव्या वारुळांस बियाणें कोठून मिळावयाचें, हा विचार येथेंच करून ठेवावा.

आतां ओळखीकडे वळूं. आमच्या नोकरींत जमिनीचा गट ओळखावयाचा म्हणजे चतुःसीमा जुळवून पाहावी लागे. पूर्वेस अमक्याचें शेत आहे एवढ्यावर गट ओळखला, असें आम्हीं कधीं म्हटलें नाहीं. एक हद्द तर शेजारच्या गटाचीहि जुळते. अळंब्याचें तसेंच आहे. आम्ही जीं लक्षणें पुढें सांगतों तीं सर्व एकाच अळंब्यांत जुळलीं पाहिजेत. एक जरी चुकलें, तरी तें अळंबें टाकून द्यावें, मग बाकीचीं कितीहि मनासारखीं असोत.

प्रथम स्थळ पाहावें. वारुळावर, वारुळाच्या पायथ्याशीं, किंवा जेथें पूर्वीं वारूळ होतें अशा जागीं हें अळंबें समूहानें उगवतें. कांहीं वाळव्यांचें घरटें सर्वस्वीं जमिनीखालीं असतें, त्यामुळें वर वारूळ न दिसतांहि तें उगवूं शकतें. रानाच्या कडा, काजू-आंब्याच्या बागा, कुंपणाचे बांध, देवराईची जुनी जमीन, ह्या त्याच्या जागा. ज्या जागेवर एकदां आलें त्याच जागेवर बहुधा दरवर्षीं येतें, आणि तेंहि ठराविक नक्षत्राच्या मागेंपुढें. म्हणूनच जाणत्या बायका आपल्या जागा कोणास सांगत नाहींत. वाळलेल्या ओंडक्यावर, शेणावर किंवा जिवंत झाडाच्या सालीवर उगवलेलें छत्र हें नव्हे.

मग बुंध्याशीं खुरप्यानें माती सारावी. आमच्या मतें सगळ्या परीक्षेचा हा प्राण आहे, आणि नेमकी हीच गोष्ट घाईंत टाळली जाते. वरच्यावर देंठ मोडून आणलेल्या अळंब्याची ओळख पटविणें म्हणजे चतुःसीमेचें पान फाडलेल्या खरेदीखतावरून जमीन मोजण्यासारखें आहे. तसलें अळंबें कोणी आणिलें तर आम्ही हात लावीत नाहीं. समूहांतील एकच अळंबें निवडावें व त्याच्या एका बाजूनें हळूहळू खालीं जावें. देंठ जमिनीखालीं गेल्यावर संपत नाहीं. तो निमुळता होत होत मुळासारखा खोल जात राहतो, कधीं वीतभर, कधीं हातभर. मळ्यापर्यंत खणण्याचें कारण नाहीं. मूळ खालीं जात आहे एवढें दिसलें म्हणजे पुरे. उलटपक्षीं देंठ जमिनींत जाऊन लगेच कांद्यासारखा फुगून संपला, किंवा त्याच्या तळाशीं अंड्याच्या फुटक्या कवचासारखी पांढरी पातळ पिशवी दिसली, तर हात धुवावे आणि तेथून उठावें. ती पिशवी कशाची खूण आहे, तें पुढें येईलच.

छत्राकडे पाहावें तें त्यानंतर. पुरतें उमललेलें छत्र दोनपासून पांच इंचांपर्यंत रुंद, पांढरें किंवा सायीच्या रंगाचें, मध्यावर राखी-तपकिरी असून तेथें तो उंचवटा असतो. हैमी जातींत उंचवटा बोथट असतो. तिच्या एका भावंडांत, क्लायपिएटस म्हणतात त्यांत, तो भाल्याच्या टोंकासारखा अणकुचीदार असतो. छत्राचा पृष्ठभाग गुळगुळीत व रेशमी लागतो. त्यावर माती चिकटलेली असते, ती पुसली असतां जाते. पण खवले किंवा चामखिळीसारखे पुटकुळे नसतात. छत्र जून झालें म्हणजे त्याची कड जागोजाग उभी फाटते. देंठ पांढरा, भरीव व तंतूंचा असून उभा चिरला तर शिजलेल्या कोंबडीसारखे धागे निघतात.

छत्र उलटें करावें. खालच्या बाजूस वहीच्या पानांसारखे दाट, पातळ पडदे असतात. ते देंठापर्यंत येतात पण त्यास चिकटत नाहींत. देंठाभोंवतीं बारीक मोकळी जागा राहते. कोंवळेपणीं ते पांढरे असतात व छत्र जून होतांना त्यांवर फिकट गुलाबी झांक येते. हैमीच्या देंठावर वरच्या बाजूस जाडसर पांढरें कडें असतें, तें देंठास घट्ट बसलेलें असतें. क्लायपिएटसला कडें मुळींच नसतें. म्हणून 'कडें असेल तर विषारी' हा जो सोपा नियम कांहीं मंडळी सांगतात तो खोटा आहे. त्या नियमानें आमचें उत्तम अळंबें टाकावें लागेल आणि कडें गळून पडलेलें विषारी छत्र पदरांत पडेल.

शेवटची परीक्षा बीजधुळीची. तिला एक रात्र लागते; आणि तेवढा धीर नसल्यामुळेंच ती कोणी करीत नाहीं. एक पुरतें उमललेलें छत्र देंठापासून कापावें, पडद्यांची बाजू खालीं करून अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर ठेवावें, वर वाटी पालथी घालावी. सकाळीं उचललें असतां कागदावर पडद्यांची नक्षी उमटलेली असते. वारुळावरच्या अळंब्याची नक्षी फिकट गुलाबी येते. मात्र गुलाबी आली एवढ्यानेंच निर्धास्त होऊं नये; गुलाबी बीजधुळीचीं दुसरीं विषारी छत्रेंहि आहेत. त्यांच्यापैकीं एन्टोलोमा म्हणून जें कुळ आहे त्याचे पडदे देंठास चिकटलेले असतात व खालीं लांब मूळ नसतें. नक्षी शुद्ध पांढरी किंवा हिरवट आली, तर मात्र दुसरें कांहींच पाहण्याचें कारण नाहीं.

हिरव्या नक्षीशीं आमची ओळख कशी झाली, तें लज्जा सोडून सांगतों. नोकरीच्या पहिल्या कांहीं वर्षांतील गोष्ट. गोठ्यामागील गवतांत एका रात्रींत मोठालीं पांढरीं छत्रें वर्तुळांत उगवलीं. वारूळ जवळच, बांधावर होतें. आम्हांस वाटलें, अळंबीं घर विचारीत आलीं. मातोश्रींनीं शंका काढली, "अरे, ह्यांच्यावर खवले दिसतात." आम्हीं चांदीचें नाणें आणून शिजणाऱ्या भाजींत टाकलें, तें जसेंच्या तसें पांढरें निघालें, तेव्हां त्यांचीहि शंका फिटली. रात्रीं आठास जेवलों. दहाच्या आंत आम्ही, आमचें कुटुंब व पाहुणा आलेला भाचा असे तिघेंहि ओकाऱ्या व हगवण ह्यांनीं आडवे झालों. मातोश्रींचा उपास होता म्हणून धांवपळ करण्यास एक माणूस उभें राहिलें. रुग्णालयांत सलाइन लागलें व दोन दिवसांत सर्व बरीं झालीं. घरीं आलों तों न शिजविलेलीं दोन छत्रें फळीवर तशींच पडलीं होतीं. उचलून पाहतों तों फळीवर मळकट हिरवी भुकटी! छत्राखालचे पडदेहि आतां हिरवट झाले होते.

ह्या छत्रास शास्त्रांत क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस म्हणतात. आपल्या कुरणांत, खळ्याच्या कडेस, बंगल्यांच्या हिरवळींत तें पावसांत सर्रास उगवतें आणि आमच्या समजुतीप्रमाणें खऱ्या अळंब्याशीं सर्वांत जास्त घोटाळा ह्याचाच होतो. पांढऱ्या छत्रावर तपकिरी खवले, मध्यावर ते अधिक दाट. देंठावरचें कडें बहुधा वरखालीं सरकवितां येणारें. देंठाचा तळ फुगीर. लांब मूळ नाहीं. कोंवळेपणीं पडदे पांढरेच असतात, फसगत होते ती ह्यामुळें. त्या दिवशीं आम्हीं खुरप्यानें दोन बोटें माती जरी सारली असती, तरी मूळ नाहीं हें तत्काळ कळलें असतें. नाण्यावर विश्वासलों.

पण हिरवें छत्र माणसास लोळवितें आणि बहुधा सोडून देतें. ज्याच्या तळाशीं ती पांढरी पिशवी असते तें अमॅनिटा नांवाचें कुळ निराळें आहे. ह्या कुळांतील जाती जिवंत झाडांच्या मुळांशीं सोयरीक करून रानांत वाढतात. सर्वच विषारी नाहींत, पण ज्या आहेत त्यांतील कांहींचें विष यकृताच्या पेशींचें काम बंद पाडतें. पडदे पांढरे ते पांढरेच राहतात, बीजधूळ पांढरी, देंठावर बहुधा कडें व तळाशीं पिशवी. ही पिशवी मातींत दडलेली असते. वरून देंठ मोडणाऱ्याच्या दृष्टीस ती पडतच नाहीं. कळीच्या स्थितींत तर हें कुळ पांढऱ्या अंड्यासारखें दिसतें, आणि आपल्याकडे अळंब्याच्या कळ्यांस जास्त चव असते म्हणून त्या आवडीनें खुडल्या जातात. आमचें म्हणणें असें कीं, उमललेल्या समूहांतून, मूळ पाहून काढलेल्या कळीखेरीज दुसरी कळी घरांत आणूं नये.

ह्या विषाचें भय त्याच्या चालींत आहे. जेवणानंतर सहा ते बारा तास, क्वचित् चोवीस तासपर्यंत, कांहींहि होत नाहीं. मग ओकाऱ्या व हगवण सुरू होतात. एकदोन दिवसांनीं त्या थांबतात, माणूस उठून बसतो, अन्न मागतो. सर्वांस वाटतें, संकट टळलें. आंत यकृत नासत असतें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं डोळे पिवळे होतात.

आम्हीं हें प्रत्यक्ष पाहिलें तें असें. एका डोंगराळ वाडीवर अळंबीं खाऊन एकाच घरांतील दोघे दगावल्याचा अहवाल तयार करावयाचा होता व साहेबांबरोबर कागद लिहिण्यास आम्ही गेलों होतों. रात्रीं जेवले, पहांटे ओकाऱ्या लागल्या, दुसऱ्या दिवशीं औषध घेतलें, तिसऱ्या दिवशीं बरें वाटलें म्हणून कोणी पुन्हा दवाखान्यांत गेलें नाहीं, आणि पांचव्या दिवसापर्यंत बाप व मुलगा दोघेहि गेले. घरांतील म्हातारी आम्हांस पुन्हापुन्हा एकच विचारीत होती: "भाऊसायब, परवा दुपारी पेज जेवलो, मगे असां कसां झालां?" आम्हांजवळ उत्तर नव्हतें. टोप धुऊन पालथा घातलेला होता, टरफलें, देंठ कांहीं उरलें नव्हतें. अहवालांत आम्हीं 'जंगली अळंबीं' एवढेच दोन शब्द लिहिले. त्यापलीकडे लिहिण्याजोगें कांहीं सांपडलें नाहीं. पुढें पुष्कळ वर्षांनीं ह्या विषाची चाल वाचनांत आली तेव्हां म्हातारीच्या प्रश्नाचा उलगडा झाला. तोंवर ती हयात नव्हती.

अशीं मरणें एखाद्या वाडीपुरतीं नसतात. एप्रिल २०२२ मध्यें आसामच्या वरच्या भागांत रानचीं अळंबीं खाऊन तेरा माणसें मेल्याचें वर्तमानपत्रांत आलें होतें; त्यांत पुष्कळ चहाच्या मळ्यांतील कुटुंबें होतीं. त्या लोकांस रानाची ओळख नव्हती असें कोणी म्हणूं शकणार नाहीं.

परीक्षा म्हणून घरोघर चालणाऱ्या युक्त्यांचा येथें निकाल लावून टाकूं. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयोगानें. अमॅनिटाच्या विषाशीं तिचें कांहीं देणेंघेणें नाहीं. लसूण काळा पडतो कीं नाहीं, तांदूळ तांबडा होतो कीं नाहीं, ह्यांचीहि तीच कथा. किड्यांनीं, गोगलगाईंनीं खाल्लेलें असेल तर माणसास चालतें, हें म्हणणें तर सर्वांत घातक. माणसास मारणारीं छत्रें गोगलगाय खुशाल खाते. चिंच, आमसूल, ताक घालून शिजविल्यानें, दोनदां पाणी काढून टाकल्यानें, किंवा वाळविल्यानें यकृताचें विष जात नाहीं. उष्णतेनें तें मोडत नाहीं. अलीकडे फोनवर चित्र पाठवून "चालेल का?" असें विचारण्याची चाल पडली आहे. चित्रांत छत्राचा माथा तेवढा असतो. मूळ नाहीं, पडदे नाहींत, बीजधूळ नाहीं. आम्ही अशा चित्रास उत्तर देत नाहीं, आणि जो देतो त्याचें उत्तर मानूं नये.

एक लहान जात राहिली. पावसांत वारुळाजवळच्या सपाट जमिनीवर चुरमुरे सांडल्यासारखीं शेंकडों इवलीं पांढरीं छत्रें एकाच दिवशीं उगवतात. तींहि ह्याच कुळांतलीं; वाळवी मळ्याचा चुरा बाहेर आणून टाकते, त्यावर तीं येतात, म्हणून त्यांना लांब मूळ नसतें. पुष्कळ ठिकाणीं लोक तीं आवडीनें खातात. पण मुख्य खूणच नसल्यामुळें, आणि लेपिओटा म्हणून जीं लहान खवलेदार छत्रें आहेत त्यांतील कांहींत अमॅनिटाचेंच विष असल्यामुळें, नव्या माणसानें ह्या जातीच्या वाटेस जाऊं नये असें आम्हांस वाटतें.

कोणास अळंबीं बाधल्याचा संशय आला तर, ओकारी जेवणानंतर किती वेळानें सुरू झाली, तो वेळ कागदावर लिहून ठेवावा व रोग्यास विलंब न करितां मोठ्या रुग्णालयांत न्यावें. १०८ क्रमांकावर गाडी मिळते. सहा तासांनंतर सुरू झालेली ओकारी दोन तासांतल्या ओकारीहून फार वाईट समजावी. ज्यांनीं तेंच जेवण केलें पण अजून ज्यांना कांहीं होत नाहीं, त्यांसहि बरोबर न्यावें. मिठाचें पाणी पाजून ओकाऱ्या काढण्याच्या खटपटींत वेळ घालवूं नये. आणि रोगी बरा दिसूं लागला म्हणून डॉक्टरांनीं यकृताची तपासणी करून सोडल्याशिवाय घरीं आणूं नये.

आतां थोडें बांधावरील वारुळाविषयीं. वाळवी उसाचीं बेणीं व आंब्याचीं नवीं कलमें खाते हें खरें; तेथें तिचा बंदोबस्त करावाच लागतो. पण पडीक बांधावरील वारूळ केवळ दिसतें म्हणून पहारीनें फोडून आंत औषध ओतणारे शेतकरी आम्हांस माहीत आहेत. तें वारूळ बहुतेक मेलेलें लांकूड व पाचोळाच खात असतें. फोडलें म्हणजे मळा गेला आणि मळ्याबरोबर अळंबींहि गेलीं. धिंगरीची लागवड भुसकटावर होते, तशी ह्या अळंब्याची बाजारी लागवड आजवर कोणास साधलेली नाहीं. वाळवीवांचून तें फळत नाहीं. म्हणून ह्याचें बियाणें विकणारा कोणी दारीं आला तर त्यास पैसे देऊं नयेत. पावसाळ्यांत रस्त्याकडेला हीं अळंबीं शेंकड्याच्या हिशोबानें विकलीं जातात व त्यांना पडणारा दर पाहिला तर बांधावरचें एक वारूळ कलमी झाडाहून कमी मोलाचें नाहीं. त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाहीं, एवढेंच.

खुडतांना मळ्यापर्यंत खणूं नये आणि पुरतीं उमललेलीं कांहीं छत्रें तशींच उभीं ठेवावीं. ज्या वारुळांत किंवा त्याच्या आसपास कीटकनाशक ओतलें असेल, तेथलीं अळंबीं खरीं असलीं तरी खाऊं नयेत. आमच्या बांधावरील वारूळ शेजारच्या वाडीवरील एक बाई आमच्या वडिलांच्या वेळेपासून खुडते. पूर्वीं आम्ही तिला अडवीत असूं. पण ती मूळ न दुखवितां खुडते व तिघांत एक छत्र मागें ठेवते, हें पाहिल्यावर अडविणें सोडलें. तिच्याच हाताखालीं आम्ही माती सारण्यास शिकलों.

घरीं आणल्यावर अळंबीं त्याच दिवशीं शिजवावींत. मूळ कापून टाकावें, माती ओल्या फडक्यानें पुसावी, देंठ हातानें उभे फाडावे म्हणजे आंत किडा असल्यास दिसतो. कांदा, खोबरें व थोडी मिरी एवढ्यावर तीं चांगलीं लागतात. फार मसाल्यानें चव मरते. पुरतीं शिजवावींत, कच्चीं खाऊं नयेत, आणि ज्यानें पूर्वीं कधीं खाल्लीं नाहींत त्यानें पहिल्या दिवशीं दोन घांसांवर थांबावें. शिजविण्यापूर्वीं त्यांतलीं दोन, मुळासकट, बाजूस काढून ठेवावींत. आमच्या घरीं तीं कागदांत गुंडाळून थंड जागीं तिसऱ्या दिवसाच्या सकाळपर्यंत ठेवतात, आणि मग केळीच्या बुंध्याशीं टाकतात.